क, म, ल, र आणि एक काना

नाशिकचं मायको सर्कल ओलांडून त्र्यंबक रोडने सातपूरकडे निघालं की दोन्ही बाजूंना पाट्या सुरू होतात. किराणा, मेडिकल, वडापाव, टायर पंक्चर, मोबाइल रिपेअरिंग. मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटी लावणं बंधनकारक झालं आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलायला वेग आला. या सगळ्या चर्चेत ज्यांचं नाव फारसं आलं नाही, त्यांचा यात मोठा फायदा आहे. स्कूटरवर आई-बाबांच्या पुढे उभं राहून जाणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांना आता रोज, येता-जाता, ठळक देवनागरी अक्षरं दिसतात.

याच रस्त्यावर पपया नर्सरीचा चौक आहे. आसपासच्या दुकानांच्या पत्त्यात ते नाव हमखास असतं. ‘पपया’ या शब्दाकडे लहान मुलाच्या नजरेने बघा: पहिली दोन अक्षरं अगदी सारखी आणि तिसऱ्याच्या पुढे काना. अक्षरओळखीचा पहिला धडा म्हणून याहून सोपा शब्द शोधूनही मिळायचा नाही. तरी बहुतेक घरांत अक्षरओळख सुरू होते ती दुकानातून आणलेल्या अंकलिपीने आणि तिच्या पहिल्या पानावरच्या अननसाने.

अंकलिपी वाईट नाही. पिढ्यानपिढ्या मुलं तिच्यावर शिकली आहेत. प्रश्न आहे तो ती वापरण्याचा. मूल ‘अ’ ते ‘ज्ञ’ घडाघडा म्हणायला लागलं की आई-वडिलांना वाटतं, अक्षरं आली. एक साधी परीक्षा करून बघावी. अंकलिपीचं मधलंच पान उघडावं, चित्र हाताने झाकावं आणि एका अक्षरावर बोट ठेवून ‘हे काय?’ असं विचारावं. पुष्कळ मुलं मनातल्या मनात ‘क’पासून म्हणायला लागतात आणि म्हणत म्हणत त्या अक्षरापर्यंत पोचतात. काही मुलं झाकलेल्या हाताखाली डोकावून चित्र बघायचा प्रयत्न करतात. म्हणजे गाणं पाठ आहे, चित्रं पाठ आहेत. अक्षर अजून ओळखीचं झालेलं नाही. यात मुलाचं काहीच चुकत नाही. त्याला पाठांतर दिलं, ते त्याने चोख केलं.

मराठीत अक्षरांचे दोन क्रम परंपरेने चालत आले आहेत आणि दोघांचं काम वेगळं आहे. वर्णमालेचा क्रम कानासाठी आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूवरून, ट-वर्ग त्याहून थोडा पुढे, जीभ वर वळवून, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांनी. उच्चाराची इतकी नेटकी मांडणी जगातल्या फार थोड्या लिप्यांना लाभली आहे, आणि ती मुलांच्या कानावर पडायलाच हवी. दुसरा क्रम जुन्या गुरुजींचा, ‘ग म भ न’. तो हातासाठी आहे. वळणात साम्य असलेली अक्षरं एकापाठोपाठ गिरवली की हाताला वळण लागतं.

ओळखायला शिकणाऱ्या डोळ्याला मात्र हे दोन्ही क्रम अवघड जातात. वर्णमालेत ट, ठ, ड, ढ शेजारी शेजारी येतात. दिसायला जवळची, ऐकायलाही जवळची. ‘ग म भ न’मध्ये तर एकसारखी दिसणारी अक्षरं मुद्दामच एकत्र आणलेली आहेत. शिवाय वर्णमाला सुरू होते सुट्या स्वरांपासून. अ, आ, इ, ई यांची रूपं काढायला आणि ओळखायला अवघड, आणि छापील मजकुरात ती काना-वेलांटीच्या मानाने कमी भेटतात. डोळ्यासाठी म्हणून तिसरा क्रम लागतो. एकमेकांसारखी न दिसणारी, एकमेकांसारखी न ऐकू येणारी आणि मुलाच्या रोजच्या बोलण्यात सतत येणारी अक्षरं आधी घ्यायची. एका वेळी चार-पाचच, पण त्यांच्याबरोबर काना लगेच.

हे काही आज सुचलेलं नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने अक्षरांचे छोटे गट आणि त्यांच्याबरोबर स्वरचिन्हं अशा पद्धतीने वाचन शिकवण्याचं काम अनेक वर्षं केलं. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळे येथे नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था याच विषयावर काम करते. वाडा आणि कर्नाटकातल्या यादगीर इथे मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा काही वर्षं सलग अभ्यास झाला. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या अभ्यासाने हेच सुचवलं, की आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, आणि मग वाचन, अशी वाट मुलांना फार लांब पडते. चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बारा रूपं, तर चारशेच्या वर आकृत्या होतात. त्या संपेपर्यंत एकही अर्थाचा शब्द वाचायला मिळाला नाही, तर कुठलं मूल टिकून राहील?

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते पाहू. क, म, ल, र ही चार अक्षरं घ्या. चारही दिसायला वेगळी, उच्चाराला सोपी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे कापा आणि प्रत्येक अक्षर तीन-तीन तुकड्यांवर मोठं, ठळक काढा. काना मात्र कागदावर काढू नका. आइस्क्रीमच्या काड्या धुऊन ठेवा. काडी म्हणजे काना.

पहिले काही दिवस फक्त ओळख. सगळे तुकडे जमिनीवर पसरायचे, ‘म दे’, ‘र कुठे आहे?’, ‘दोन क शोध’. मूल चुकलं तर ‘हा ल आहे, म हा बघ’ एवढंच म्हणायचं आणि खेळ पुढे न्यायचा. चार अक्षरं न अडखळता ओळखता आली की काडी काढायची. ‘क’ आणि ‘र’ शेजारी ठेवले की होतं ‘कर’. काडी दोघांच्या मध्ये ठेवली, ‘कार’. तीच काडी उचलून शेवटी ठेवली, ‘करा’. तुकडे तेच, काडी तीच, फक्त जागा बदलली आणि अर्थ बदलला. ‘कल’, ‘काल’, ‘कला’. ‘मल’, ‘माल’, ‘मला’. ‘रम’, ‘राम’, ‘रमा’. काडीची जागा मुलाला स्वतःला बदलू द्यावी आणि आपण फक्त वाचावं. मग उलट करावं, आपण काडी हलवावी आणि त्याने वाचावं. ‘काका’ आणि ‘मामा’ झाल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो पन्नास वेळा ‘क कमळाचा’ म्हणून दिसत नाही. कारण हा शब्द त्याने वाचला आहे, आणि तो त्याच्या घरातल्या माणसाचा आहे.

मराठीचा एक गुण इथे फार उपयोगी पडतो. ‘ल’ आणि काना हाताशी असले की ‘-ला’ प्रत्यय मिळतो, आणि प्रत्यय मिळाला की वाक्य मिळतं. ‘मामाला काम.’ ‘काकाला मका.’ ‘मामा, मला कार!’ चार अक्षरं आणि एका स्वरचिन्हावर मूल वाक्य वाचतं. शेवटचं वाक्य वाचून ते खरोखरीची खेळण्यातली कार मागेल, त्याची तयारी ठेवावी.

एक अडचण इथे येते, ती जोडून वाचण्याची. मूल ‘क’ म्हणताना त्यातला अ पूर्ण उच्चारतं, आणि ‘क-र’ असं सुटं म्हटल्यावर ‘करअ’ असं काहीतरी होतं. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला अ बोलताना गळतो. हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, पण नव्याने वाचणाऱ्याला ते कोडं वाटतं. समजावून सांगण्यात अर्थ नाही. दोन तुकडे लांब ठेवून हळू म्हणायचं, मग जवळ सरकवत भराभर म्हणायचं. चार-सहा शब्दांनंतर मुलाचं मुलालाच कळतं.

पुढचा गट स, त, प, ट असा घेता येईल. मग न, ब, ग, द. काना पक्का झाला की दीर्घ वेलांटी आणि तिच्याबरोबर सुटी आ, ई ही अक्षरं, कारण ‘आई’ हा शब्द कुणी फार वेळ थांबवून ठेवू नये. त्यानंतर एक मात्रा, उकार. पहिली वेलांटी, म्हणजे ऱ्हस्व, मुद्दाम मागे ठेवावी. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर, त्यामुळे ‘कि’ वाचताना मूल आधी इ म्हणतं. रफार, जोडाक्षरं यांना तर पहिलीनंतरही भरपूर वेळ आहे. सातपूरच्या मुलांना ‘त्र्यंबक’ हा शब्द बसच्या पाटीवर रोज दिसतो आणि बरीच मुलं तो चित्रासारखा अख्खा ओळखतात. ओळखू द्यावा. त्यातला ‘त्र्य’ फोडून दाखवायची घाई नको.

‘ल’चा एक प्रश्न जास्तच भेडसावतो. मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो, त्याला उजवीकडे उभा दंड नसतो. हिंदी ‘ल’ला दंड असतो. ‘श’चीही दोन रूपं आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठीसाठी मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले आहेत. पण मोबाइलवर, वेष्टनांवर, फ्लेक्सवर सर्रास हिंदी वळण दिसतं. अंकलिपीतला ‘ल’ आणि मोबाइलवरचा ‘ल’ वेगळे दिसले की चार वर्षांच्या मुलाला ती दोन अक्षरं वाटतात, आणि त्याचं तसं वाटणं बरोबरच आहे. आपण शिकवताना कायम मराठी वळण काढावं. मोबाइलवर दुसरं दिसलं की ‘हा पण ल-च, हिंदीतला’ असं एकदा सांगून टाकावं.

सारखी दिसणारी अक्षरं हा पालकांचा नेहमीचा गाऱ्हाण्याचा विषय. घ-ध, भ-म, थ-य. या तिन्ही जोड्यांत एकच खूण आहे, आणि ती फार थोड्या घरांत मुलांना दाखवली जाते. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटते. घ, म आणि य यांची शिरोरेषा अखंड असते. एकदा ही खूण बोटाने दाखवली की मूल तिन्ही जोड्या स्वतः पारखतं. म्हणूनच मुलं लिहू लागल्यावर ‘रेघ नंतर मारू’ म्हणून शिरोरेषा सोडून देतात तेव्हा लक्ष ठेवावं. ‘म’ आणि ‘भ’मधला फरक त्या रेघेतच आहे. एवढं मात्र पाळावं, की जोडीतली दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवू नयेत. ‘म’ झोपेतही ओळखता येऊ लागला की मगच ‘भ’ आणावा.

काही मुलं अक्षर किंवा अंक उलटा काढतात. देवनागरीत याचा हमखास नमुना म्हणजे ३ आणि ६. आरशात धरलं तर एकाचा दुसरा होतो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहाएन यांनी याचं कारण सांगितलं आहे. कप उजवीकडे कान करून ठेवला काय किंवा डावीकडे, तो कपच असतो. मेंदू अशी ओळख सहज पटवतो आणि वस्तूंच्या जगात तिचा उपयोगच होतो. अक्षरांच्या जगात ती सवय मोडावी लागते आणि त्याला वेळ लागतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाने उलटं काढलं म्हणून घाबरून जाऊ नये आणि त्याला रागावू तर मुळीच नये.

ओळखीची सगळी इमारत मात्र कानावर उभी आहे. कानाला आवाज वेगळा ऐकू आला, तरच डोळा त्याला आकृती जोडणार. यासाठी पाटी-पेन्सिल लागत नाही. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा उघडला की ‘म’ने सुरू होणाऱ्या गोष्टी शोधता येतात: मीठ, मिरची, मोहरी, मेथी, मसाला. शब्द संपेल त्या अक्षरावरून पुढचा शब्द, अशा भेंड्याही खेळता येतात. भेंड्या खेळताना ‘ळ’ आणि ‘ण’वर गाडी अडते, कारण मराठीत त्यांच्यापासून शब्द सुरूच होत नाहीत. या दोन अक्षरांसाठी प्रश्नच बदलावा: ‘बाळ’मध्ये ळ कुठे लपलाय? ‘बाण’मध्ये ण कुठे? आधी, मधे, की शेवटी?

च, ज आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’तला च वेगळा, ‘चहा’तला वेगळा. ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांचंही तसंच. अक्षर एकच. मुलं हे बरोब्बर पकडतात आणि ‘चहाचा च कुठला?’ असं विचारतात. तो प्रश्न हुशारीचा आहे, त्याला हसू नये. ‘दोन्हीचा हाच,’ असं सरळ सांगावं.

सातपूर हे अनेक बोलींचं गाव आहे. १९६० च्या दशकात इथे एमआयडीसी उभी राहिली. मायको (आजची बॉश), महिंद्र, सिएट आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने आले. त्यांच्या मागोमाग खानदेशातून, मराठवाड्यातून, पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कुटुंबं येऊन राहिली. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोया’ असतो आणि ‘काळा’चा ‘काया’. हिंदी-भोजपुरी घरातलं मूल ‘ळ’च्या जागी ‘ल’ म्हणतं. मुलाच्या बोलण्यात इथे काहीही अशुद्ध नाही. त्याच्या घरच्या भाषेत तो आवाजच वेगळा आहे. अशा मुलाला ‘ळ’ सगळ्यात शेवटी द्यावा, आणि त्याआधी गोष्टींतून, गाण्यांतून तो त्याच्या कानावर पुष्कळ पडू द्यावा. ‘डोया नाही, डोळा म्हण’ असं चारचौघांत दटावलेलं मूल अक्षरच काय, बोलणंही टाळू लागतं.

चित्रांची निवडही मुलाच्या जगातून करावी. ऐरण, उखळ, ईडलिंबू, औत हे शब्द चांगलेच आहेत, पण श्रमिकनगरमधल्या किंवा अशोकनगरमधल्या आजच्या मुलाने यातलं काय पाहिलेलं असतं? त्याला ‘भ भोंग्याचा’ लगेच कळेल, ‘ट टायरचा’ कळेल, ‘ड डब्याचा’ कळेल, कारण बाबांचा डबा रोज शिफ्टच्या वेळेला भरला जातो. घरच्या घरी वीस-पंचवीस पानांची अंकलिपी करता येते. जुनी वही, वेष्टनांवरून कापलेली चित्रं आणि खळ. बिस्किटाचं, दुधाच्या पिशवीचं, साबणाचं देवनागरी नाव कापून चिकटवावं. मूल ते नाव आधीपासूनच ओळखत असतं.

सुरुवात करायला सर्वांत हक्काचा शब्द म्हणजे मुलाचं स्वतःचं नाव. रिबेका ट्रायमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनात दिसलं, की मुलं आपल्या नावातली अक्षरं, विशेषतः पहिलं, इतर अक्षरांच्या आधी ओळखतात. नाव जोडाक्षराचं असलं तरी हरकत नाही. डब्यावर, दप्तरावर, चपलांच्या जागेवर ते ठळक लिहून ठेवावं. भावंडांची नावं शेजारी असली की ‘तुझ्या नावातलं कुठलं अक्षर दादाच्या नावात आहे?’ हा खेळ आपोआप सुरू होतो.

लिहिण्याबद्दल मात्र सबुरी हवी. लहान गटातल्या मुलाला पानभर ‘अ’ गिरवायला लावण्याची घाई अनेक ठिकाणी होते आणि पालकच ती मागतात. वही भरलेली दिसली की शिकवणं झाल्यासारखं वाटतं. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत तेवढी ताकद आणि ताबा आलेलाच नसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात महागड्या माँटेसोरी साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं, माती अशा आसपास मिळणाऱ्या वस्तू आल्या. अंगणवाडी ही कल्पना तिथल्याच प्रयोगांतून पुढे आली. ती दृष्टी आजही तेवढीच उपयोगाची आहे. ताटात पसरलेला रवा किंवा बारीक वाळू म्हणजे जुन्या शाळेतली धूळपाटीच. त्यावर बोटाने अक्षर काढावं, ताट हलवलं की पुसलं. कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांना एमरी पेपर नवा नाही. त्यातून अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं की डोळे मिटून बोट फिरवायला मुलांना फार आवडतं. ओल्या ब्रशने ओट्यावर किंवा गॅलरीच्या भिंतीवर हातभर मोठं अक्षर काढावं; वाळून नाहीसं व्हायच्या आत कुणी वाचायचं, अशी शर्यत लावावी. बोट फिरवताना वळणाची दिशा आपण दाखवावी: आधी अक्षराचं अंग, मग दंड, शिरोरेषा शेवटी. कणीक मळणं, शेंगा सोलणं, बटण लावणं हीसुद्धा लिहिण्याचीच तयारी आहे.

घरी वर्तमानपत्र येत असेल तर त्याचा उपयोग सोडू नये. मोठ्या मथळ्यात ‘म’ शोधून त्याभोवती स्केचपेनने गोल करायचा, एवढंच. पाच मिनिटांत मूल दहा-बारा ‘म’ शोधतं. त्यातले काही काना घेतलेले, काही मात्रा घेतलेले असतात, आणि ‘हा पण म-च ना?’ असा प्रश्न येतो. त्या प्रश्नापासून बाराखडी सुरू करावी.

मोबाइलवरची वर्णमालेची गाणी कानाला चांगली असतात, पण ती काही विचारत नाहीत आणि मुलाचं उत्तर ऐकून थांबत नाहीत. एखादं गाणं ऐकावं, मग मोबाइल ठेवून त्यातल्या एका अक्षराचा खेळ खेळावा. त्याहून मोलाचं आहे ते गोष्ट वाचून दाखवणं. ओळीखालून बोट फिरवत वाचलं की मुलाला कळतं, की बोलणं या खुणांत भरलेलं आहे आणि ते डावीकडून उजवीकडे जातं. पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात, नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, आणि नाशिकमध्ये तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या वस्त्यावस्त्यांत पोचवल्या आहेत. ज्या आईला किंवा आजीला वाचता येत नाही, तिने चित्रं बघून गोष्ट सांगावी आणि मुलाकडून पाटीवरचं एक अक्षर शिकून घ्यावं. आजीला शिकवायला मिळतं म्हटल्यावर मुलाचा उत्साह वेगळाच असतो.

किती दिवसांत किती अक्षरं यायला हवीत? केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात, जे जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, बालवाटिकेच्या, म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या मुलासाठीचं ध्येय एवढंच आहे: अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचावेत. कन्नडसारख्या, आपल्यासारखीच बाराखडी असलेल्या लिपीवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातही दिसलं, की सगळी अक्षरं अंगवळणी पडायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं लागतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरं शेजारच्या मुलाला चार महिन्यांत आली, म्हणून आपल्या मुलाला मराठी चार महिन्यांत यावी, हा हिशेबच चुकीचा आहे. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांनाही २०२० च्या कायद्यामुळे मराठी शिकावी लागतेच. अशा घरांतून मराठी अक्षरांचा खेळ शाळेची वाट न बघता, दिवसाला दहा मिनिटं, आधीच सुरू झाला तर मुलाचं ओझं पुष्कळ हलकं होतं.

तरी काही खुणांकडे दुर्लक्ष करू नये. मूल हाक मारल्यावर सारखं ‘काय?’ विचारत असेल, पुस्तक डोळ्यांच्या फार जवळ धरत असेल, तर आधी कान आणि डोळे तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. दुसरीच्या अखेरीसही, नीट शिकवून, सरावाची अक्षरं पुन्हा पुन्हा विसरली जात असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. आळशी, ढ, लक्ष नसलेला असे शिक्के त्या आधी कुणीही मारू नयेत.

जूनमध्ये मूल पहिलीत जाईल तेव्हा त्याला दहा-बारा अक्षरं, काना आणि स्वतःचं नाव ओळखता येत असेल, आणि गोष्ट ऐकायला ते मांडी घालून बसत असेल, तर त्याची तयारी भरपूर झाली आहे. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा, त्या कुठल्या गटापासून सुरुवात करणार आहेत ते विचारा आणि घरीही तीच अक्षरं, त्याच क्रमाने घ्या.